वर्ग एकत्र, वसतिगृह वेगळं

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधीचे दोन-तीन आठवडे चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या कितीतरी घरांत एकच खल चालू असतो. पोरगी सातवी झाली, आठवीला तिचं नाव कुठे घालायचं? गावच्या जिल्हा परिषद शाळेत पुढचा वर्ग नाही. हायस्कूल आहे ते चार-सहा किलोमीटरवर, मधे जंगल, आणि सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावलीच्या बाजूला त्या जंगलात वाघ. तेवढ्यात एखादा मामा नाहीतर आत्या सल्ला देते, ‘वयात आलेली पोर आहे, पोरांसोबत कशाला बसवता? मुलींच्याच शाळेत टाका.’ मुलींची शाळा असते तालुक्याला किंवा जिल्ह्याला. तिथे जागा मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर पोरगी घरीच राहते. यंदाचं वर्ष जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणतात. ते पुढचं वर्ष सहसा येत नाही. ती धाकट्या भावाला सांभाळते, मोहफुलं वेचते, तेंदूपत्त्याचे पुडे बांधते, आणि दोन-तीन वर्षांत पाहुणे बघायला येतात.

ज्यांच्या घरी यंदा हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. म्हणणं आधीच सांगून टाकतो. वर्ग मुला-मुलींचा एकत्र असला तर घाबरू नका. वसतिगृह मात्र वेगळंच असलं पाहिजे, आणि ते नीट चालतं की नाही हे स्वतः जाऊन बघा. फक्त मुलींची शाळा मिळाली नाही, एवढ्या कारणावरून कोणत्याही पोरीचं शिक्षण थांबवू नका.

मुलींची वेगळी शाळा ही वाईट कल्पना आहे, असं मी म्हणत नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात शाळा काढली ती मुलींचीच. १८८४ साली पुण्यातच हुजूरपागेची शाळा सुरू झाली, तीही मुलींची. त्या काळी पोरींना उंबऱ्याबाहेर काढायला दुसरी वाट नव्हती. आपल्या काळात, २००४ साली सुरू झालेल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांमागेही हाच विचार होता. ज्या तालुक्यांत मुलींचं शिक्षण मागे पडलं आहे, तिथल्या शाळा सुटलेल्या पोरींना राहण्या-जेवण्यासह शिकवायचं. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीतल्या पुरुषांची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, तर स्त्रियांची सुमारे ६६ टक्के. एवढी दरी असलेल्या जिल्ह्यात अशा शाळांची गरज होतीच, आजही आहे. पण त्या शाळा जास्तीत जास्त पोरी शिकाव्यात म्हणून निघाल्या. त्यांचंच नाव पुढे करून पोरगी घरी बसवायची, हे उलटंच झालं.

आपल्या दोन जिल्ह्यांत आज काय आहे ते बघा. आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळा आहेत. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर अशी पाच प्रकल्प कार्यालयं त्या बघतात. यांतल्या बहुतेक शाळांत वर्ग एकत्र आहेत, काही कन्या आश्रमशाळा आहेत. चामोर्शी तालुक्यातल्या घोटला आणि नागभीड तालुक्यातल्या तळोधी बाळापूरला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावी ते बारावी, वर्ग एकत्र, आणि निदान एक तृतीयांश जागा मुलींच्या. एकलव्य निवासी शाळांत मुलं आणि मुली सारख्याच संख्येने घेतात. हेमलकशाची लोकबिरादरी आश्रमशाळा १९७६ साली सुरू झाली. भामरागडच्या माडिया आदिवासी पोरी तिथे पोरांच्याच वर्गात बसून शिकल्या. सैनिकी शाळा तर वर्षानुवर्षं फक्त मुलांच्या होत्या. त्यांनीही २०२१-२२ पासून मुलींना प्रवेश दिला. म्हणजे ज्या निवासी शाळांत जागा मिळावी म्हणून आपण परीक्षा द्यायला लावतो, त्या एकत्रच आहेत. आणि तिथे पोरा-पोरींची राहण्या-झोपण्याची सोय वेगळी ठेवायची असते.

‘पण मुलींच्या शाळेत अभ्यास चांगला होतो’, हे दुसरं म्हणणं. यावर जगभर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी २१ देशांतले १८४ अभ्यास, म्हणजे सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून तपासली. वरवर बघता काही ठिकाणी वेगळ्या शाळांतली मुलं पुढे दिसत होती. पण घरची परिस्थिती, आधीचे गुण, शाळा निवडून प्रवेश देते का, हे सगळं हिशेबात धरलं तेव्हा तो फरक जवळपास उरला नाही. कारण समजायला सोपं आहे. जे आई-बाप पोरीला लांबच्या नावाजलेल्या कन्या शाळेत घालतात, ते घरीही तिच्या अभ्यासाकडे लक्ष देणारे असतात. शाळेचा निकाल चांगला लागतो, त्यात त्या घरांचाही वाटा असतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दक्षिण कोरियात सोल शहरात मुलांना शाळा चिठ्ठी टाकल्यासारखी वाटून दिली जात असे, तिथे आई-बापांच्या निवडीचा प्रश्न येत नव्हता. त्या काळातल्या तिथल्या अभ्यासात फक्त मुलींच्या आणि फक्त मुलांच्या शाळांना थोडा फायदा दिसला. त्रिनिदादमध्येही असा अभ्यास झाला. ज्या मुलींना स्वतःलाच मुलींच्या शाळेत जायचं होतं, त्यांना त्याचा उपयोग झाला. बाकीच्यांना फारसा नाही. या सगळ्यातून मी एवढंच घेतो की मुलींची शाळा आहे म्हणून पोरगी हुशार होत नाही आणि एकत्र शाळा आहे म्हणून मागे पडत नाही. गणिताचे सर वर्षभर शाळेत होते की नाहीत, याने जास्त फरक पडतो.

म्हणून एकत्र वर्गात आपोआप बरोबरी येते, असंही समजू नका. आपल्याकडच्या एखाद्या हायस्कूलात विज्ञानाच्या तासाला मागे उभं राहून बघा. प्रयोगाला पाच जणांचा गट. स्पिरिटचा दिवा पेटवतो पोरगा, परीक्षानळी चिमट्यात धरतो पोरगा, आणि पोरीच्या हातात प्रयोगवही, कारण ‘तुझं अक्षर चांगलं आहे’. नळीतला रंग बदलला हे तिला दुसरा सांगतो आणि ती लिहून घेते. सर प्रश्न विचारतात. उजवीकडच्या, पोरांच्या बाकांवरून तीन-चार हात वर होतात, डावीकडे पोरी बसतात, तिथून एकही नाही. सर उजवीकडच्याच कोणालातरी उठवतात. शनिवारी वर्ग झाडायचा असतो तेव्हा मात्र झाडू डावीकडे येतो. मुलींच्या शाळेत हे होत नाही. तिथे दिवाही पोरगीच पेटवते आणि कवायतीचा हुकूमही पोरगीच देते. हा त्या शाळांचा खरा फायदा आहे. पण तो मिळवायला पोरांना वर्गाबाहेर काढायची गरज नाही. प्रयोगाला, उत्तराला आणि झाडूला सरांनी आळीपाळी लावली की झालं. पालकसभेत हे मागा. यासाठी ना निधी लागतो, ना वरून आदेश.

आपल्या मुलखात बाया-माणसांनी एकत्र बसणं काही नवीन नाही. माडियांच्या गावात गोटुल असतं, म्हणजे तरुण पोरा-पोरींनी जमायची जागा. ग्रिगसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३८ साली बस्तरच्या माडियांवर पुस्तक लिहिलं. डोंगरातल्या माडियांच्या गोटुलात रात्री झोपायला फक्त मुलं असत, मुली नाचगाण्याला येत आणि झोपायला घरी जात, असं तेव्हाचं वर्णन आहे. दिवस सोबत, रात्र वेगळी. शाळेबद्दल मी जे सांगतो आहे ते याहून निराळं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. तिथल्या ग्रामसभेत बाया आणि पुरुष सोबत बसून सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेतात. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. आपली पोरगी उद्या सरपंच होईल, वनरक्षक होईल, पोलीस भरतीला उतरेल, आरोग्य केंद्रात परिचारिका होईल, एसटीत वाहक होईल. यांतल्या प्रत्येक ठिकाणी तिला पुरुषांसमोर न अडखळता बोलावं लागणार आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी वर्गात हात वर करायची सवय लागली तर ते तिला सोपं जाईल.

आणि पोरांचा विचार कोण करणार? ज्या पोराने शाळेत पोरींशी कधी धड बोलणंच केलं नाही, त्याला पोरगी ही बसस्टँडवर न्याहाळायची वस्तू वाटते. गणितात आपल्यापेक्षा जास्त गुण घेणारी, कबड्डीत जोर असलेली, चुकलं तर तोंडावर सांगणारी पोरगी ज्याने रोज बघितली, तो पुढे बायकोशीही माणसासारखा वागण्याचा संभव जास्त. ज्यांच्या घरी मुलगे आहेत त्यांनीही एकत्र शाळेकडे या नजरेने बघावं.

आता ज्या भीतीमुळे हा सगळा खल चालतो, तिच्याबद्दल उघड बोलू. पोरगी कोणाच्या नादी लागेल, ही ती भीती. ती खोटी नाही. पण शाळेतून पोरं काढली म्हणजे पोरीच्या आयुष्यातून पोरं जात नाहीत. ती बसस्टँडवर असतात, आठवडी बाजारात असतात, मंडईच्या जत्रेत रात्री नाटकाला असतात, आणि आता मोबाइलमध्ये तर चोवीस तास असतात. वर्गात रोज दिसणाऱ्या पोराचं नवल आठवड्यात संपतं. न बघितलेल्याचं नवल टिकतं. पोरीला वाचवते ती माहिती आणि घरात बोलायची मोकळीक. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ नावाची शिबिरं सुरू केली. शरीरातले बदल, आकर्षण, लैंगिकता, लग्न यांवर तरुण मुला-मुलींशी त्यांत स्पष्ट बोललं जातं. तुमच्या शाळेत असं काही होत असेल तर पोरीला पाठवा, पोरालाही पाठवा. होत नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा की आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला बोलावता येईल का.

धोका कुठे आहे हेही नीट ओळखा. २०१९ साली राजुऱ्यातल्या एका खासगी शाळेच्या वसतिगृहात लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. अटक झाली ती वसतिगृह सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांना. आपण वर्गातल्या पोरांवर नजर ठेवतो आणि किल्ल्या कोणाच्या हातात आहेत ते विचारत नाही. फक्त मुलींच्या शाळेतही किल्ल्या कोणाच्या तरी हातात असतातच. म्हणून निवासी शाळा एकत्र असो की मुलींची, प्रवेशाआधी एकदा जाऊन या, आणि जमलं तर संध्याकाळी जा. मुलींच्या वसतिगृहाला बाई अधीक्षिका आहे का आणि ती रात्री तिथेच राहते का, हे विचारा. मुलांचं वसतिगृह वेगळ्या इमारतीत आहे का ते बघा. अंधार पडल्यावर मुलींच्या बाजूला कोणत्या पुरुष कर्मचाऱ्याला जाता येतं, असं थेट विचारा. न्हाणीघराला आतून कडी आहे का, पाणी येतं का, वाटेवर दिवा आहे का, हे हाताने तपासा. पोरी गाद्यांवर झोपतात की वर्गातच सतरंज्या टाकून, तेही डोळ्यांनी बघा. मग तिथल्या मोठ्या पोरींशी, कर्मचारी जवळ नसताना, पाच मिनिटं बोला. त्या पाच मिनिटांत बरंच कळतं.

राज्य सरकारने २०२२ साली मुला-मुलींच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं आहे. ती आहे का, तिच्यात कोण आहे आणि ती कधी बसली, हे विचारा. तक्रारपेटी असेल तर ती कोण उघडतं तेही विचारा. आणि पोरीकडून १०९८ हा नंबर पाठ करून घ्या. मुलांच्या मदतीसाठीचा तो नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आठवड्यातून एकदा तिला घरी फोन करू देत नसतील, तर ती शाळा मुलींचीच असली तरी मला पसंत नाही.

घरून जाऊन-येऊन शिकता येत असेल तर तो पर्याय आधी धरा. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची ती योजना. मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या बसगाड्या चालतात, सायकलीही मिळतात. सरकारी आणि अनुदानित शाळांत बारावीपर्यंत मुलींना शिक्षण शुल्क नाही. बसची वेळ आणि शाळा सुटायची वेळ जुळत नसेल, तर दहा-बारा पालकांनी मिळून आगारात अर्ज द्या, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. एकट्या बापाच्या अर्जापेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते. जंगलवाट असेल तर पोरींनी गटाने जावं, मागेपुढे कोणीतरी मोठं असावं, आणि हिवाळ्यात दिवस लहान असतो तेव्हा शाळा अर्धा तास आधी सोडायची विनंती करावी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्या भागात वसतिगृहाशिवाय गत्यंतर नाही. तिथे जाण्या-येण्याचा हट्ट धरू नका.

घरून जाणाऱ्या पोरींबद्दल आणखी एक गोष्ट. एटापल्ली, भामरागड, धानोऱ्याकडच्या बऱ्याच गावांत पाळीच्या दिवसांत अजून घराबाहेरच्या वेगळ्या झोपडीत, म्हणजे कुर्माघरात, राहावं लागतं. पोरीचे महिन्याचे चार-पाच दिवस तिथे जातात. वर्षाचा हिशेब केला तर सुमारे दीड महिना शाळा बुडते. रीत मोडायची की नाही हे गावाने ठरवावं. पण निदान कुर्माघरातून शाळेत जायला पोरीला अडवू नका. शाळेत स्वच्छतागृह आणि पाणी नसेल तर पोरगी त्या दिवसांत तशीही जात नाही, वर्ग एकत्र असो वा नसो. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या आयांनी पहिला आग्रह पाण्याच्या नळाचा धरावा. त्या समितीत निम्म्या बाया असल्या पाहिजेत, असं शिक्षण हक्काचा कायदा सांगतो. नुसत्या सहीपुरत्या जाऊ नका.

मग फक्त मुलींची शाळा कधी घ्यावी? तीन प्रसंगी घ्यावी. एक, पोरगी दोन-तीन वर्षं शाळेबाहेर राहिली आहे आणि वयाने मोठी झाल्यामुळे लहान पोरा-पोरींत बसायला लाजते. कस्तुरबा विद्यालयं तिच्यासाठीच आहेत. दोन, ती स्वतःच म्हणते की मला मुलींच्या शाळेत जायचं आहे. आधीच्या शाळेत तिला कोणी छळलं असेल, किंवा तिला तिथे मोकळं वाटत असेल. तिचं ऐका, कारणही विचारा. तीन, आजोबा म्हणा, काका म्हणा, घरातलं कोणी काही केल्या दुसऱ्या शाळेला तयार होत नाही. तेव्हा वाद घालत वर्ष घालवू नका. मुलींच्या शाळेत नाव घाला, पण आधी तिथे गणित-विज्ञानाचे शिक्षक आहेत का बघा. अकरावीला विज्ञान शाखा लागणार असेल तर ती तिथे आहे का, हे आठवीतच विचारून ठेवा. नसेल तर दहावीनंतर एकत्र कनिष्ठ महाविद्यालय आणि राहायला मुलींचं शासकीय वसतिगृह, असा बेत करता येतो. तालुक्याच्या ठिकाणी अशी वसतिगृहं आहेत. त्यांचे अर्ज वेळेत भरा.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्गात पोरगा-पोरगी बोलताना दिसले की लगेच बापाला फोन लावू नका. आपल्याकडे असा एक फोन गेला की पोरीची शाळा संपते, पोराची संपत नाही. आधी दोघांशी बोला. काही गंभीर असेल तर तिच्या आईला बोलवा आणि पोरगी शाळेतच राहील असा मार्ग काढा.

या सगळ्यात जिला जायचं आहे तिला विचारायचं राहून जातं. तेरा वर्षांची पोर मोहाच्या झाडाखाली पहाटे एकटी थांबू शकते, घरचा स्वयंपाक करू शकते, तर आपल्या शाळेबद्दल दोन वाक्यं बोलू शकते. दोन शाळा दाखवा आणि मग विचारा.

आठवीनंतर सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा मागे उभा राहत नाही. तिथून पुढे पोरगी शाळेत राहते ती घरच्यांच्या हट्टावर. मुलीच्या लग्नाचं कायद्याचं वय १८ आहे, आणि बारावी होईपर्यंत ती जवळपास तेवढी होतेच. तोवर तिला शाळेत राहू द्या. यंदा जूनमध्ये शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्याल तेव्हा तो घरी आणून पेटीत ठेवू नका. त्याच आठवड्यात दुसऱ्या शाळेत नेऊन द्या. मुलींची मिळाली तर मुलींची, नाही मिळाली तर एकत्र.